धुरीच्या पिंपाचे दार आणि त्याची बिजागरी

कोकणच्या किनारपट्टीवर मासळी खारवून उन्हात वाळविण्याची रीत फार जुनी आहे. मासळीस किंवा कोंबडीस मंद विस्तवावर धुरी देऊन शिजविण्याची रीत मात्र आपल्याकडे तितकीशी रुळलेली नाही. परंतु महाराष्ट्र शासनाने २०२० साली कृषी पर्यटन धोरण जाहीर केल्यानंतर, शेतावर पाहुण्यांच्या निवासाची व भोजनाची सोय करणारी कुटुंबे आणि महिला बचत गट या पद्धतीविषयी आमच्याकडे विचारणा करू लागले आहेत. परदेशात ज्यास बार्बेक्यू स्मोकर म्हणतात ते साधन जुन्या लोखंडी पिंपापासून गावातल्या गावात तयार करता येते. खाली विस्तव, वर जाळ्या, बाजूस दार आणि माथ्यावर धुराडे, इतकीच त्याची रचना. यांपैकी विस्तवाविषयी व जाळ्यांविषयी सर्वजण बारकाईने विचारतात. दाराविषयी कोणी विचारीत नाही, आणि दाराच्या बिजागरीविषयी तर कोणाच्या मनात प्रश्नच येत नाही. प्रस्तुत लेखकाच्याही मनात तो प्रथम आला नव्हता. त्याची किंमत एका बचत गटास मोजावी लागली. तो अनुभव येथे प्रारंभीच नमूद करणे उचित होईल.

एक कबुली

काही वर्षांपूर्वी किनाऱ्यालगतच्या एका तालुक्यात नेमणुकीस असताना तेथील एका महिला बचत गटाने धुरीचे पिंप करून देण्याविषयी विनंती केली. आम्ही उत्साहाने आराखडा काढला. पिंपावर दाराची चौकट आखली, ग्राइंडरने चारही बाजू कापून दार मोकळे केले आणि मग ते दोन हलक्या बिजागऱ्यांनी पुन्हा बसवावयास घेतले. ते बसेना. ज्या भोकातून दार निघाले त्याच भोकात ते परत बसत नव्हते. वरच्या कोपऱ्यात पत्रा पत्र्यावर चढे, तर खालच्या बाजूस बोट शिरेल एवढी फट राही. हातोडीने ठोकून आम्ही ते कसेबसे मिटविले आणि काम झाले असे मानले.

पहिल्याच दिवशी गटाने बारा किलो बांगडा जाळीवर मांडला. अर्ध्या तासात खालच्या फटीतून वारा शिरून निखारे भडकले. फट बुजविण्यासाठी दार दाबले तर खालची बिजागरी पत्र्यातून उखडून आली. विस्तव आवरेपर्यंत मासळीची वरची बाजू कोळसा झाली होती आणि काट्यालगतचे मांस मात्र कच्चे होते. सगळी मासळी टाकून द्यावी लागली. गटाच्या अध्यक्षा वयाने आमच्या मातोश्रींएवढ्या. त्या इतकेच म्हणाल्या, "साहेब, मासळी गेली ती गेली. पण चुकले कुठे, ते आम्हांला समजले पाहिजे. नाहीतर दुसऱ्या वेळीही असेच होईल."

त्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस गावच्या वृद्ध लोहार मेस्त्रींकडून मिळाले. पिंपाभोवती एक फेरी मारून ते म्हणाले, "साहेब, तुम्ही दार आधी कापलेत आणि बिजागरी मागाहून आणलीत. आधी बिजागरी, मग दार." या लेखात पुढे जे सांगावयाचे आहे ते सर्व या चार शब्दांचाच विस्तार आहे.

दाराचे खरे काम

धुरीच्या पिंपात विस्तवाची आच आपण लाकडाने नव्हे, तर हवेने नियंत्रित करीत असतो. तळाजवळचे हवेचे भोक थोडे मिटविले की निखारे मंद होतात, थोडे उघडले की फुलतात. याखेरीज अन्य कोठूनही हवा आत शिरू लागली की ताबा आपल्या हातून गेला असे समजावे. धुरी देऊन शिजविण्यासाठी पिंपातील उष्णता सामान्यतः १०५ ते १३५ अंश सेल्सिअस या मर्यादेत राखतात. मासळीच्या जाड भागाच्या मध्यापर्यंत ६३ अंश आणि कोंबडीच्या मांसाच्या मध्यापर्यंत ७४ अंश उष्णता पोहोचली म्हणजे ती शिजली असे मानतात. फटीमुळे ज्वाला उठल्यास बाहेरचा भाग करपतो व आतला भाग या मर्यादेस पोहोचतच नाही. असे अर्धवट शिजलेले अन्न पाहुण्यांच्या पानात पडणे हे केवळ नुकसान नव्हे. ते आजारास आमंत्रण होय.

दार नीट मिटले पाहिजे, आणि शंभर वेळा उघडून मिटल्यावरही तसेच नीट मिटत राहिले पाहिजे. दाराला प्रत्येक वेळी त्याच जागी परत आणून ठेवणे हेच बिजागरीचे काम. म्हणून बिजागरीस केवळ दार टांगण्याची वस्तू न समजता विस्तवाच्या लगामाचा एक भाग समजावे.

पिंपाची निवड

बिजागरीकडे वळण्यापूर्वी पिंपाविषयी दोन शब्द सांगणे अगत्याचे आहे, कारण येथील चूक जिवावर बेतू शकते. ज्या पिंपात कीटकनाशके, रसायने, रंग किंवा रंगाचे पातळ द्रावण भरलेले होते ते कितीही धुतले तरी या कामास घेऊ नये. पेट्रोल, डिझेल किंवा तत्सम ज्वलनशील द्रव असलेल्या बंद पिंपास ग्राइंडर किंवा गॅसची ज्योत लावणे म्हणजे स्फोटाला हात लावणे होय. पिंप रिकामे दिसले तरी आत वाफ राहिलेली असते आणि एक ठिणगी तिला पुरेशी होते.

आपल्या भागात उत्तम पर्याय उपलब्ध आहे. आंब्याचा रस कारखान्यातून निर्जंतुक पिशवीत भरून जी लोखंडी पिंपे बाहेर पडतात, त्यांचे झाकण पूर्ण निघणारे असून ते कड्याने आवळलेले असते. रस पिशवीत असल्याने पत्र्यास त्याचा स्पर्श होत नाही, आणि माथा उघडा असल्याने आत वाफ कोंडून राहत नाही. असे पिंप मिळाल्यास तेच घ्यावे. मात्र काही पिंपे वर रुंद व खाली निमुळती असतात. त्यांवर दार आपोआप उघडे पडण्याकडे झुकते, म्हणून सरळ भिंतीचे पिंप पसंत करावे. आतून जस्ताचा मुलामा असलेले पिंप टाळावे. आतून रंग किंवा लेप असल्यास उघड्या जागेत मोठा जाळ करून तो पूर्ण जाळावा व तारेच्या ब्रशाने खरवडून काढावा. या वेळी धुराच्या वाऱ्यात कोणी उभे राहू नये.

२०० लिटरचे पिंप सुमारे ५७ ते ५८ सें.मी. व्यासाचे व ८८ सें.मी. उंचीचे असते. पत्र्याची जाडी सामान्यतः १ मि.मी.च्या आसपास असते. बिजागरीच्या दृष्टीने हा शेवटचा आकडा सर्वांत महत्त्वाचा आहे.

भार किती आणि कोणावर

बिजागरी घेताना बहुतेकजण एकच विचार करतात: दार जड, म्हणून बिजागरी मोठी. हा विचार हिशेबाने तपासून पाहू.

दार ४० सें.मी. रुंद व ५० सें.मी. उंच धरल्यास त्याचे क्षेत्रफळ ०.२ चौरस मीटर होते. १ मि.मी. जाडीच्या एक चौरस मीटर पोलादी पत्र्याचे वजन ७.८५ किलो असते. म्हणजे दाराचा पत्रा भरतो सुमारे १.५७ किलो. कडेस २५ मि.मी. रुंद व ३ मि.मी. जाड पट्टी बसविल्यास तिचे सुमारे एक किलो, आणि मूठ व कडीचे अर्धा किलो. एकूण दार तीन किलोंच्या जवळपास जाते. दोन बिजागऱ्यांमध्ये ३४ सें.मी. अंतर असेल तर वरच्या बिजागरीस बाहेर ओढणारा जोर पावणेदोन किलोंच्या आसपास येतो. बाजारातील तीन इंची साधी पोलादी बिजागरीदेखील याहून कितीतरी अधिक भार सहज पेलते.

मग आमची बिजागरी उखडली का? बिजागरी मोडली नव्हती. तिच्याखालचा पत्रा फाटला होता. १ मि.मी. पत्र्यावर दोन लहान स्क्रूंनी धरलेल्या जागी सगळा ओढा एकवटला आणि पत्र्याने हार खाल्ली. तेव्हा बिजागरी मोठी करण्याने हा दोष दूर होत नाही. तिच्या मागचा पत्रा भक्कम करण्याने होतो.

भ्रमणध्वनीवर अमेरिकेतील धुरीभट्ट्यांच्या चित्रफिती पाहून काही तरुण शेतकरी तशाच जाडजूड बिजागऱ्या मागतात. त्यांनी एक भेद ध्यानी घ्यावा. टेक्सास राज्यात ज्या मोठ्या भट्ट्या करतात त्या बहुधा ६ मि.मी. जाडीच्या पोलादाच्या असतात. तेथे एक मीटर लांब व ६० सें.मी. रुंद झाकणाचे पोलादच २८ किलो भरते. तेथे जाड बिजागरी ही गरज आहे. आपल्या पातळ पिंपावर तीच बिजागरी जोडू गेल्यास जोडताना पत्रा जळून भोक पडते. बैलाचे जू वासराच्या मानेवर ठेवू नये, तसेच हे आहे.

कोणती बिजागरी घ्यावी

भाराचा प्रश्न असा सोपा असल्याने निवड करताना तीन गोष्टी पाहाव्यात: ती उष्णता सोसते काय, गंज व धुराचे डांबर यांना पुरून उरते काय, आणि दोन्ही बिजागऱ्यांच्या खिळी एका सरळ रेषेत बसविणे सोपे आहे काय.

१) साधी पोलादी बिजागरी. लाकडी दारास लावतात तीच, ६५ ते ७५ मि.मी. लांबीची. स्वस्त व सर्वत्र मिळणारी. जेथे वेल्डिंगची सोय नाही तेथे बोल्टांनी बसविण्यास हीच उत्तम. खीळ पोलादी असल्याची खात्री करावी.

२) बुलेट बिजागरी. लोखंडी फाटकांना वेल्डिंगने लावतात ती. हिचे दोन भाग असतात. खालच्या भागात खीळ उभी असते व वरचा भाग तीवर बसतो. दार वर उचलताच निघते, त्यामुळे पिंप आतून खरवडणे सोपे जाते. धुरीच्या पिंपास आम्ही हिची विशेष शिफारस करतो. दोन्ही बिजागऱ्यांच्या खिळी वरच्याच दिशेस असाव्यात. एक वर व एक खाली झाल्यास दार निघत नाही. आत प्लॅस्टिकची चकती असल्यास ती काढून पोलादी वायसर घालावा.

३) घरची बिजागरी. १२ मि.मी. सळई सहज फिरेल अशा नळीचे चार सें.मी. लांबीचे चार तुकडे करावेत. दोन पिंपास व दोन दारास जोडून त्यांतून सळई घालावी. लोहाराच्या भात्यावर होणारे हे काम असून ते नीट झाल्यास विकतच्या बिजागरीस मागे सारते.

४) लांब पट्टीची पियानो बिजागरी. सरळ रेषेचा प्रश्न ती आपोआप सोडविते. परंतु तिचा पत्रा पातळ असतो व तिच्या अनेक सांध्यांत डांबर साचून ती चिकटते. विस्तवाजवळच्या दारास ती घेऊ नये.

पितळी बिजागरी दिसावयास देखणी, पण तिची खीळ लवकर झिजते आणि खाऱ्या हवेत पितळेला लागून असलेले लोखंड अधिक वेगाने गंजते. चकाकणारी जस्ताच्या मुलाम्याची बिजागरी वेल्डिंग करण्यापूर्वी जोडाच्या जागी घासून मुलामा पूर्ण काढावा. जस्ताचा धूर छातीत गेल्यास काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. शिवाय जस्त ४२० अंशांच्या सुमारास वितळते, म्हणून विस्तवाच्या तोंडावरील लहान दारास मुलाम्याची बिजागरी वापरूच नये. अ‍ॅल्युमिनियमची व प्लॅस्टिकचे भाग असलेली बिजागरी सर्वस्वी वर्ज्य.

कोणताही प्रकार घेतला तरी बिजागरी पिंपाच्या बाहेरच्या अंगास बसवावी. लाकडाच्या धुरात पाण्याची वाफ, आम्ल व डांबर असते. आत बसविलेली बिजागरी काही दिवसांतच गंजते व चिकटते, आणि तिच्यावरील काजळी अन्नावर झडते.

बसविण्याची रीत

पिंपाचा पत्रा गोल वळवून त्याचा सांधा जोडलेला असतो. त्या वळणाचा ताण पत्र्यात दडून राहिलेला असतो. दाराच्या चारही बाजू एकदम कापल्या की तो ताण मोकळा होतो, भोकाच्या कडा सरकतात आणि दाराचा पत्राही किंचित उलगडतो. म्हणूनच आमचे दार आपल्याच भोकात बसेना. हे टाळण्यासाठी पुढील क्रम पाळावा.

पहिली पायरी, आखणी. पिंप सपाट जागी उभे करून ओळंब्याने एक उभी रेघ आखावी. हीच बिजागरीची रेघ. पिंपाच्या उभ्या सांध्यापासून ती चार-पाच बोटे दूर असावी. पिंपाभोवती ज्या दोन उभार वळ्या असतात त्यांवर बिजागरी येऊ देऊ नये, तसेच दाराची वरची व खालची कड वळीवर येऊ देऊ नये. उभ्या पिंपास बिजागरी नेहमी दाराच्या उभ्या कडेसच लावावी. वरची किंवा खालची कड गोलाईत असते, आणि गोलाईवर दोन खिळी एका सरळ रेषेत येऊ शकत नाहीत. पिंप आडवे ठेवून त्याचे झाकण करावयाचे असेल तर बिजागरीची रेघ पिंपाच्या लांबीच्या दिशेने घ्यावी.

दुसरी पायरी, एकच बाजू कापणे. केवळ बिजागरीच्या रेघेवर पत्रा कापावा. बाकीच्या तीन बाजूंना हात लावू नये. दार अद्याप पिंपाचाच भाग आहे, त्यामुळे ते हलू शकत नाही.

तिसरी पायरी, बिजागरी बसविणे. दाराच्या वरच्या व खालच्या टोकापासून सुमारे आठ-आठ सें.मी. अंतरावर दोन बिजागऱ्या ठेवाव्यात. खीळ बरोबर कापावर व पत्र्याच्या बाहेर यावी. बोल्टांनी बसवावयाचे झाल्यास आतून ३ मि.मी. जाडीची लोखंडी पट्टी आधारास द्यावी, म्हणजे ओढा पत्र्याच्या मोठ्या भागावर वाटला जातो. ६ मि.मी. बोल्ट पुरेत. नटाखाली वायसर घालावा आणि नट ढिला होऊ नये म्हणून बोल्टाचे टोक ठोकून बसवावे. वेल्डिंग करावयाचे झाल्यास प्रथम पट्टी पत्र्यास व मग बिजागरी पट्टीस जोडावी. एकसलग वेल्ड न मारता छोटे-छोटे टाके घालावेत आणि दोन टाक्यांच्या मध्ये पत्रा निवू द्यावा.

खिळी एका रेषेत आणण्याची मेस्त्रींची युक्ती अशी: घरच्या बिजागरीच्या चारही नळ्यांतून एकच लांब, सरळ सळई घालावी व ती आत असतानाच सर्व तुकडे टाक्यांनी धरावेत. टाके पक्के झाल्यावर सळई काढून हव्या त्या लांबीच्या खिळी घालाव्यात. विकतच्या बिजागऱ्या असतील तर त्यांच्या बाजूस एक सरळ अँगल दोरीने बांधून त्यास टेकवून बसवावे. दोन खिळींच्या रेषा भिन्न झाल्या तर दार उघडताना प्रत्येक वेळी पत्रा पिळवटतो आणि कालांतराने तेथेच चिरतो.

चौथी पायरी, उरलेल्या बाजू. आता वरची, खालची व समोरची बाजू कापावी. प्रत्येक बाजूस मध्ये दोन-तीन सें.मी. पत्रा न कापता ठेवावा व हे दुवे सर्वांत शेवटी तोडावेत. तुटलेल्या कडा कानसीने घासून गुळगुळीत कराव्यात. नवीन कापलेला पत्रा सुरीइतकाच धारदार असतो.

पाचवी पायरी, झाकपट्टी. दार मिटून पिंपाभोवती तारेचा किंवा पट्ट्याचा फेरा आवळावा, म्हणजे दार पिंपाच्या गोलाईस चिकटून राहील. त्याच स्थितीत दाराच्या वर, खाली व समोरच्या कडेस बाहेरून २५ मि.मी. पट्टी अशी जोडावी की अर्धी पट्टी दारावर व अर्धी पिंपावर टेकेल. वरची व खालची पट्टी आधी पिंपाच्या गोलाईप्रमाणे वाकवून घ्यावी. उभी पट्टी जेथे उभार वळी ओलांडते तेथे वळीच्या आकाराची खाच काढावी. बिजागरीच्या कडेस मात्र दारावर बाहेरून पट्टी लावू नये. दार उघडताना ती पिंपास अडते आणि सगळा जोर बिजागरीवर येतो. त्या बाजूस पट्टी पिंपाच्या आतून, पिंपासच जोडावी. दार मिटल्यावर त्याची कड तिच्यावर टेकेल.

दाराभोवतीची फट अगदी शून्य करण्याचा हट्ट धरू नये. लोखंड तापले की वाढते. ५० सें.मी. लांबीचे पोलाद १०० अंशांनी तापले तर सुमारे ०.६ मि.मी. वाढते आणि विस्तवाच्या झळीने ३०० अंशांनी तापले तर सुमारे १.८ मि.मी. वाढते. थंड असताना घट्ट बसणारे दार ऐन कामाच्या वेळी अडकून बसते. म्हणून सर्व बाजूंनी २ ते ३ मि.मी. फट ठेवावी व ती झाकण्याचे काम पट्टीवर सोपवावे.

शेवटी बिजागरीच्या समोरच्या कडेस दार आत ओढून धरील अशी कडी लावावी. मुठीस लाकूड किंवा जाड तारेचे वेटोळे असावे, अन्यथा हात पोळतो. आडव्या पिंपाचे झाकण मोठे असल्याने त्यास तीन बिजागऱ्या द्याव्यात आणि ते मागे आदळून पिंप उलथू नये म्हणून साखळी लावावी.

पारख

काम झाल्यावर तीन प्रकारे परीक्षा करावी. प्रथम, दार अर्धे उघडून सोडून द्यावे. ते आहे तेथेच थांबले पाहिजे. आपोआप उघडू किंवा मिटू लागले तर खिळींची रेषा ओळंब्यात नाही किंवा पिंप कललेले आहे. दुसरे, कागदाची पट्टी दाराच्या कडेत धरून कडी लावावी व पट्टी ओढून पाहावी. चारही बाजूंनी ती सारख्याच जोराने निघावी. तिसरे, रात्री पिंपात विजेरी लावून ठेवावी व दार मिटून भोवती फिरावे. जेथे प्रकाशाची रेघ दिसेल तेथे हवा शिरते असे समजावे.

बारीक फट राहिल्यास काचतंतूची दोरी बसविता येते. भट्टीसाठी म्हणून कोठे अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी मिळाली तरी ती घेऊ नये. तिचे तंतू फुप्फुसास घातक असून त्यांपासून कर्करोग होतो. ऐन वेळी फट आढळली तर आपल्या स्वयंपाकघरातील जुना उपाय कामी येतो: भिजविलेल्या कणकेची लांब वात करून फटीवर दाबावी. दमाच्या हंडीचे झाकण जसे बंद करतात तसेच हे होय.

मासळी मांडण्यापूर्वी एकदा पिंप रिकामेच दोन-तीन तास तापवावे. रंगाचे अवशेष जळून जातात, आणि तापल्यावर दार अडकते काय हेही कळते. हे सर्व काम उघड्या जागेतच करावे. बंद खोलीत किंवा पडवीत निखाऱ्यांचा विषारी वायू साचून प्राणहानी होऊ शकते.

निगा

बिजागरीस यंत्राचे तेल किंवा ग्रीस लावू नये. ते तापून जळते व त्याचा वास अन्नास लागतो. खाण्याचे तेल घट्ट होऊन चिकटते. शिसपेन्सिलीत असते त्या ग्रॅफाइटची कोरडी पूड खिळीवर टाकणे हा सर्वांत निर्धोक उपाय होय. प्रत्येक वापरानंतर पिंप कोमट असतानाच दाराच्या कडा खरवडाव्यात. किनाऱ्यावरील खाऱ्या हवेत पावसाळ्यापूर्वी दार काढून, गंज घासून, बाहेरच्या अंगास उष्णतारोधक रंग द्यावा व पिंप आडोशास ठेवावे. महिन्यातून एकदा बोल्ट आवळून पाहावेत आणि बिजागरीभोवतीच्या पत्र्यावर बारीक चीर दिसते काय ते तपासावे. चीर दिसताच आतून आधारपट्टी द्यावी. वाट पाहू नये.

समारोप

त्या बचत गटासाठी मेस्त्रींनी दुसरे पिंप केले. दिवसभर आम्ही त्यांच्या हाताखाली सळई धरून बसलो होतो. बिजागऱ्या बसल्यावरच त्यांनी उरलेल्या तीन बाजू कापल्या आणि शेवटचा दुवा तुटल्यावर दार जराही न सरकता जागच्या जागी राहिले. त्या वेळी अध्यक्षाबाईंनी दार तीनदा उघडून मिटून पाहिले आणि मगच बांगडा मांडण्यास संमती दिली. त्या दिवशी मासळी आतपर्यंत शिजली व गटाने ती पंक्तीला वाढली. धुरी दिलेली मासळी खारविलेल्या सुक्या मासळीसारखी टिकत नाही; ती त्याच दिवशी खावी किंवा शीतपेटीत ठेवावी, ही सूचना आम्ही त्यांना आवर्जून दिली.

गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांस एक विनंती आहे. नवे साधन दाखविताना आपण बहुधा त्याचा मोठा भाग समजावून सांगतो व लहान भाग कारागिरावर सोडून देतो. कारागिरासही सांगण्यापूर्वी त्याला विचारावे. आपल्या गावात लोहार किंवा वेल्डर असेल तर आराखडा कागदावर पक्का होण्याआधी त्यास पिंपाजवळ बोलवावे. आम्ही तसे केले असते तर बारा किलो बांगडा वाया गेला नसता आणि कष्टाने साठविलेल्या पैशांवर गटास पाणी सोडावे लागले नसते.